बहुरूप्यांचं गाव कसं रचावं

काजळखोरे हे डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातल्या माझ्या साहसाचं गाव. या खेळात गेम मास्टर गोष्ट मांडतो आणि प्रत्येक खेळाडू फासे टाकत एकेक पात्र चालवतो. गेम मास्टर म्हणून हे गाव मी दोन वेगवेगळ्या टेबलांवर चालवलंय. पहिल्या टेबलावर ते पाऊण तासात संपलं. खेळाडू सरायीत शिरले, आमच्या ‘रोग’ने, म्हणजे चोराच्या पात्राने, सरायवाल्याकडे रोखून बघत इनसाइटचा, म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्याचा, फासा टाकला, वीसपैकी एकोणीस पडले आणि मी सांगून मोकळी झाले की हा माणूस खोटं बोलतोय. बार्बेरियनने, म्हणजे रानटी योद्ध्याने, कुऱ्हाड उचलली. सरायवाला मेला, मरताना त्याचा चेहरा विरघळून राखाडी आणि गुळगुळीत झाला. पुढचे अडीच तास नुसती मारामारी. दोन आठवडे खपून काढलेल्या नकाशातल्या पाणचक्कीपर्यंत कुणी पोहोचलंच नाही.

घरी येऊन वही चाळली तेव्हा चूक सापडली. हे राक्षस कोण, त्यांची ताकद किती, ते लपलेत कुठे, हे पानंच्या पानं लिहिलं होतं. ते माणूस होऊन का राहतात, याची एक ओळसुद्धा नव्हती.

म्हणून सुरुवात तिथून करा. ‘वाटसरूंना फसवून मारण्यासाठी’ हे उत्तर पुरत नाही. त्यासाठी रस्त्याकडेची एक सराय आणि दोन राक्षस बास झाले. अख्खं गाव उभं करायचं म्हणजे कुणीतरी छपरं शाकारतंय, विहिरीचा दोर बदलतंय, कुंपण कुणाच्या हद्दीत आलं यावरून भांडतंय. एवढा खटाटोप कुणी उगाच करत नाही. वेष घेऊन त्यांना असं काय मिळतं, जे मूळ रूपात मिळालं नसतं? हे उत्तर सापडेपर्यंत नकाशाला हात लावू नका.

माझं उत्तर असं आहे. बारा वर्षांपूर्वी काजळखोऱ्यात साथ आली आणि साठ माणसं गेली. उरली एक म्हातारी, सगळे तिला आक्का म्हणतात. ती एकटी थडगी खणत असताना जंगलातून बहुरूप्यांची, म्हणजे माणसाचं रूप घेणाऱ्या राक्षसांची, एक टोळी आली, एकेचाळीस जणांची, मागे शिकारी लागलेले. त्यांनी खणायला हात लावला. सगळी प्रेतं त्यांच्या डोळ्यांखालून गेली. शेवटच्या रात्री आक्का त्यांच्यातल्या एकाला म्हणाली, ‘आजच्या रातीपुरता माझा नातू होशील का?’ ती रात्र बारा वर्षं चालू आहे. त्यांना लपायला गाव मिळालं, तिला गाव परत मिळालं.

कुठला राक्षस निवडायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये डॉपलगँगर, म्हणजे दुसऱ्याचं रूप घेणारा प्राणी, अगदी सुरुवातीपासून आहे. खेळ आला १९७४ साली आणि पुढच्याच वर्षीच्या पुरवणीत हा प्राणी आला. मी त्याला बहुरूपी म्हणते. टेबलावर हा शब्द फार छान बसतो, कारण वेष घेणं हे त्याचं कसबही आहे आणि पोटापाण्याचं साधनही. आपल्याला ही कल्पना मुळीच परकी नाही. मारीच सोनेरी हरीण झाला, पूतना देखणी बाई होऊन आली, आणि मरताना दोघेही मूळ रूपात पडले. खेळाचा नियमही तोच आहे: बहुरूपी मेला की खरा दिसतो, एरवी नाही. झोपेत नाही, बेशुद्ध पडल्यावरही नाही. खेळाडू ‘रात्री झोपल्यावर बघू’ म्हणतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

यापुढचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांतले आहेत. तुमची आवृत्ती वेगळी असेल तर आपल्या पुस्तकात एकदा ताडून बघा.

राक्षस निवडताना त्याची ताकद शेवटी बघायची. आधी आपल्या खेळाडूंचे स्पेल, म्हणजे मंत्र, आणि क्लासचे, म्हणजे पात्राच्या पेशाचे, गुण समोर घ्या आणि एकेक लावून पाहा, कारण असली साहसं बहुतेक वेळा इथेच फुटतात. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचा डिव्हाइन सेन्स हा गुण साठ फुटांतले सेलेस्टियल (देवलोकीचे), फीन्ड (पाताळातले) आणि अनडेड (मेलेले पण फिरणारे) दाखवतो. डिटेक्ट इव्हिल अँड गुड हा स्पेल तीस फुटांत त्यात ॲबरेशन (विचित्र, परके प्राणी), एलिमेंटल (पंचभूतांतले) आणि फे (परीलोकीचे) यांची भर घालतो. म्हणजे गावात नाइट हॅग ही चेटकीण ठेवलीत तर ती फीन्ड असल्यामुळे पॅलाडिन वेशीवरच नाक मुरडेल. ग्रीन हॅग फे आहे, ती डिव्हाइन सेन्सला चुकवेल पण त्या स्पेलमध्ये सापडेल. बहुरूपी मात्र मॉन्स्ट्रॉसिटी, म्हणजे नुसता विचित्र जनावर, या प्रकारात मोडतो आणि दोन्हींतून निसटतो. मी त्याला निवडलं त्याचं अर्धं कारण हे.

ट्रू सीइंग सहाव्या पातळीचा स्पेल आहे, पात्रं अकराव्या लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) गेल्याशिवाय तो हाती येत नाही. साहस तिसऱ्या ते पाचव्या लेव्हलवर ठेवलं की ती चिंता मिटली. झोन ऑफ ट्रुथ मात्र दुसऱ्या पातळीचा आहे आणि कुणीतरी तो टाकणारच. टाकू द्या. त्या वर्तुळात सेव्हिंग थ्रो, म्हणजे स्पेलपासून वाचण्याचा फासा, चुकला की जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं आणि खरं निवडूनही बोलता येतं. माझ्या गावकऱ्यांना बारा वर्षांचा सराव आहे. ‘तू इथलाच का?’ याला लोहार म्हणतो, ‘इथल्या साठ माणसांना मी माझ्या हातांनी माती दिलीय.’ वाक्य अक्षरशः खरं आहे आणि खेळाडू ते वहीत टिपून घेतात. अशी खरी वाक्यं प्रत्येक गावकऱ्यासाठी दोन-दोन आधीच लिहून ठेवा, ऐनवेळी सुचत नाहीत.

आणि मूनबीम. निसर्गपूजक ड्रुइडचा हा स्पेल रूप बदलणाऱ्याला उघडं पाडतो: त्याचा सेव्हिंग थ्रो डिसॲडव्हांटेजने (दोन फाशांतला लहान आकडा धरून) होतो आणि चुकला की मूळ रूप समोर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हा काढूनच टाकावा. मग त्याचं नुकसान पाहिलं. दोन दहाबाजूंचे फासे, म्हणजे सरासरी अकरा, सेव्ह जमला तरी त्याच्या निम्मं. साध्या गावकऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे पडण्याआधी सोसता येणारं नुकसान, चार असतात. बहुरूप्याचे बावन्न. ज्याच्यावर संशय आहे तो बहुरूपी असेल तर तो नुसता भाजेल, आणि माणूस असेल तर बहुधा जागीच जाईल. गावात माणूस एकच आहे, आक्का. स्पेल तसाच ठेवला. खात्री करून घेण्याची किंमत आता खेळाडूंच्या हातात होती.

माणसं

बेचाळीस पात्रं लिहायला बसू नका, मी बसले होते. सहा लिहा. बाकीच्यांना एक काम आणि एक लकब पुरे.

या सहा जणांचं एकमत असू नये. सगळं गाव एका सुरात खोटं बोलत असेल तर ती भिंत आहे आणि भिंतीशी कुणाला खेळता येत नाही. माफिया हा पार्टीगेम तुम्ही कदाचित खेळला असाल, १९८६ साली मॉस्कोत दिमित्री दाविदोव्हने रचलेला. त्यात मोजक्यांना गुपित ठाऊक असतं आणि बहुसंख्यांना नसतं, म्हणून मतदानाने ते शोधता येतं. आपल्या गावात गणित उलटं आहे: गुपित सगळ्यांना ठाऊक, फक्त चार पाहुण्यांना नाही. पाहुण्यांना बहुमत कधीच मिळणार नाही. त्यांना मिळू शकतो तो फुटलेला एक माणूस. तो कोण, कशामुळे फुटेल आणि फुटल्यावर गाव त्याचं काय करेल, हे लिहिलंत की साहसाचा कणा तयार झाला.

माझ्याकडे फुटणारा आहे तो पाणचक्कीवाला. त्याला गाव सोडायचं नाही, पण एका गोष्टीची धास्ती आहे. ती गोष्ट म्हणजे बाळू.

बाळू दिसतो सात वर्षांचा. आक्काच्या नातवाचा चेहरा घेतलेला हाच तो बहुरूपी. बारा वर्षं तो सातच वर्षांचा आहे. याचं कारण मला नियमातच सापडलं आणि सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. बहुरूपी फक्त पाहिलेल्या माणसाचंच रूप घेऊ शकतो. एकोणीस वर्षांचा बाळू कुणी पाहिलाच नाही, तो कधी झालाच नाही. मोठ्या माणसाचं मन सात वर्षांच्या अंगात, दर रात्री आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याला सुटायचं आहे. दुसरा चेहरा घ्यायला कुणाला मारावं लागत नाही, पण नुसत्या चेहऱ्याने माणूस कुठे पोचत नाही; नाव लागतं, धंदा लागतो, ओळख देणारी माणसं लागतात. म्हणून त्याने वर्षातून तीनदा येणाऱ्या फेरीवाल्याला मारलं, त्याचं खेचर घेतलं आणि पळाला. गावाने त्याला घाटातून परत आणलं. खेळाडू येतात ते त्या हरवलेल्या फेरीवाल्याच्या शोधात.

पुरावे कुठे ठेवायचे

जाणते गेम मास्टर सांगतात की खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायलाच हवा, त्यासाठी निदान तीन पुरावे ठेवा. एक त्यांना दिसणार नाही, दुसऱ्याचा अर्थ ते भलताच लावतील, तिसरा लागेल. मी हे अक्षरशः पाळते. माझे निष्कर्ष तीन: ही माणसं नाहीत, आक्का माणूस आहे, बाळूने खून केलाय. नऊ पुरावे. त्यातला एकही पुरावा चेहऱ्यावर नाही. मुखवटा इतक्या वर्षांत पक्का झालेला असतो. तिथे चूक ठेवली तर ती खेळाडूंसाठी मुद्दाम पेरल्यासारखी दिसते. पुरावा ठेवावा सवयीत, आणि ज्या वस्तू रूपाबरोबर बदलत नाहीत त्यांच्यात.

रूप बदललं तरी अंगावरचे कपडे बदलत नाहीत, हा नियम कामाला लावा. पाणचक्कीच्या माळ्यावर फेरीवाल्याचा कोट टांगलाय. बाह्या आतून रक्ताने कडक झाल्यात, आणि कॉलरच्या आत मोठ्या माणसाच्या केसांऐवजी लहान पोराचे मऊ भुरे केस चिकटलेत. कोट अंगात असतानाच बाळूला धरलं आणि धस्का बसून तो जुन्या सवयीच्या रूपात परत गेला, तेव्हाचे ते केस.

स्मशानात साठ थडगी आहेत. एकोणिसांवर नावं आहेत, एकेचाळीस कोरी. ती नावं अजून वापरात आहेत म्हणून. मी खेळाडूंना फक्त दोन आकडे सांगते आणि गावाची शिरगणती वेगळ्या प्रसंगात सरायवाल्याच्या तोंडून येऊ देते. बेचाळीसमधून एकेचाळीस कुणीतरी वजा करतंच. माझ्या टेबलावर ते दुसऱ्या सेशनच्या मध्यावर झालं. आमचा विझर्ड (जादूगार) बोलता बोलता थांबला आणि त्याने वहीची मागची पानं उलटायला घेतली.

आक्काच्या घराची चौकट मात्र मी वाचून दाखवते. प्रसंग लिहून काढताना मी शब्द पाच वेळा बदलले. आता असा आहे:

‘दाराच्या डाव्या खांबावर कोयत्याने पाडलेल्या आडव्या खाचा आहेत. सगळ्यात खालची तुमच्या गुडघ्याला लागते. वर वर जात सहा खाचा, प्रत्येकीत चार बोटांचं अंतर. सातवी तुमच्या कमरेशी. ती इतरांसारखी नाही. रुंद आहे, खोल आहे, कडा गुळगुळीत झाल्यात, जणू कोयता त्याच जागी पुन्हा पुन्हा बसलाय. बाळू पळत आत येतो. त्याचं डोकं बरोबर त्या खाचेला लागतं.’

एवढंच. फासा मागू नका. ‘तुम्हाला वाटतं की…’ असं तर कधीच म्हणू नका. वाचा, पाणी प्या आणि गप्प बसा. आक्का दर वर्षी त्याला खांबाला उभं करते आणि खूण पाडते, हे मी सांगितलं नव्हतं. आमच्या ड्रुइडने ते स्वतः ओळखलं आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

मन वाचणं

बहुरूपी साठ फुटांतल्या एका प्राण्याचे वरवरचे विचार वाचतो, आणि वाचत असताना त्याच्याशी खोटं बोलण्यात त्याला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) मिळतो, तोही मुळात अधिक सहा असलेल्या डिसेप्शनवर, म्हणजे फसवण्याच्या कौशल्यावर. म्हणूनच नुसत्या इनसाइटवर त्याला पकडणं कठीण असायला हवं, आणि तिथेच मी पहिल्या वेळी घोटाळा केला. आता इनसाइट कितीही चांगला पडला तरी मी भाव सांगते, निवाडा सांगत नाही. ‘तो घाबरलाय, पण तुमची कुऱ्हाड बघून नाही. तो सारखा त्या पोराकडे बघतोय.’ खेळाडूला त्याच्या फाशाचं मोल मिळतं आणि प्रश्न उघडा राहतो.

मन वाचणं टेबलावर आणण्याची माझी रीत साधी आहे. प्रसंग सुरू होण्याआधी प्रत्येकाला विचारते, आत्ता तुझ्या पात्राच्या मनात काय चाललंय, एका वाक्यात सांग. पहिल्या दिवसापासून विचारते, म्हणजे सवय पडते. मग त्यातलं एक वाक्य उचलून गावकऱ्याच्या बोलण्यात हलकेच सोडते. विझर्ड म्हणाला होता, पाय भिजलेत, वैताग आलाय. सरायवाली काही न विचारता कोरडे मोजे आणून ठेवते. पहिल्यांदा सगळ्यांना ती प्रेमळ वाटते. तिसऱ्यांदा असं झालं की कुणीतरी मान वर करतं.

नियमात आणखी एक खजिना आहे. शिशाचा पातळ पत्रा मध्ये आला की विचार वाचता येत नाहीत. आक्काच्या निजायच्या खोलीला आतून शिशाचे पत्रे ठोकलेत, ते तिला विकले त्याच फेरीवाल्याने. बारा वर्षं मन उघडं टाकून जगलेल्या बाईला एक खोली स्वतःसाठी हवी होती. त्या खोलीत गावकरी खेळाडूंच्या मनातलं ओळखत नाहीत, आणि खेळाडूंना बेत आखायला जागा मिळते. एका वस्तूतून पुरावा, आसरा आणि आक्काचा स्वभाव अशी तिन्ही कामं होत असतील तर ती वस्तू ठेवाच.

घड्याळ मी तीन दिवसांचं ठेवते: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय घडेल, एवढं तीन ओळींत. पहिल्या रात्री फेरीवाल्याचं खेचर रिकाम्या खोगिरासह गावात येतं. दुसऱ्या दिवशी बाळू खेळाडूंपैकी एकाच्या मागे मागे फिरू लागतो. तिसऱ्या रात्री तो त्याच्या खोलीत शिरतो. निवडायचं ते पात्र, ज्याच्या घरादाराबद्दल खेळाडूने सगळ्यात जास्त लिहिलंय, कारण बाळूला जगायला तयार आयुष्य हवंय. तो विचारतो, तुझ्या घरी कोण कोण आहे? संध्याकाळी परत येतो आणि विचारतो, मोती अजून भुंकतो का रे दारात? कुत्र्याचं नाव रोगने कुणालाच सांगितलेलं नव्हतं, फक्त मला लिहून दिलेल्या कागदावर होतं. मला या साहसातला सगळ्यात भीतीदायक क्षण हाच वाटतो, आणि त्यात एकही फासा नाही.

सुरू करण्याआधी टेबलाला विचारून घ्या: मुलाच्या रूपातला खुनी, घरच्या माणसांची सोंगं, एकमेकांवरचा संशय, हे सगळं चालेल का? कुणाला नको असेल तर बाळूचं वय बदला. एखाद्या खेळाडूच्या पात्राच्या जागी बहुरूपी बसवायचा मोह होतोच. त्या खेळाडूशी आधी बोलून, त्याच्या राजीखुशीनेच बसवा.

उघडं पडल्यावर

गाव उघडं पडतं तेव्हा साहस अर्ध्यावर असायला हवं. एकेचाळीस बहुरूपी, प्रत्येकाचे बावन्न हिट पॉइंट. पाचव्या लेव्हलच्या चौघांना लढून हे संपवता येणार नाही आणि हे त्यांना आधीच दिसलं पाहिजे. मी लोहाराला त्यांच्यासमोर एका हाताने ऐरण सरकवायला लावते. मग उरतात त्या निवडी. बाळूला राजाच्या शिपायांकडे दिलं तर गाव जळेल. सोडलं तर तो पुन्हा कुणाचं तरी आयुष्य घेईल. गुपित राखलं तर फेरीवाल्याच्या घरच्यांना काय सांगायचं? बरोबर उत्तर मी ठरवून ठेवत नाही. ठरवून ठेवते ते एवढंच, की प्रत्येक निवडीनंतर आक्का, पाणचक्कीवाला आणि बाळू पहिल्या तासाभरात काय करतील.

एक तयारी मात्र मी केली नव्हती, ती तुम्ही करा. पाणचक्कीमागच्या खड्ड्यात फेरीवाल्याचं प्रेत सापडल्यावर आमच्या क्लेरिकने, म्हणजे पुजारणीने, तिसऱ्या पातळीचा स्पीक विथ डेड हा प्रेताला बोलतं करणारा स्पेल टाकला. पाच प्रश्न मिळतात. प्रेताला जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच ते सांगतं, पुढचं काही जाणत नाही. चार प्रश्न खुनाचे होते, त्यांची उत्तरं माझ्याकडे होती. पाचवा विचारायच्या आधी ती बाळूकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘तुझं नाव लावून हा पोरगा जगला, तर तुला चालेल?’

मी दहा मिनिटांची सुट्टी घेतली. नियमाप्रमाणे प्रेताला हा प्रश्न कळणारच नव्हता. मी वही उघडली, फेरीवाल्याचं पान काढलं. त्यावर मी कधीतरी एकच ओळ लिहिली होती, तो वर्षातून तीनदा येतो आणि दर वेळी पावसाआधी घरी पोचायची घाई करतो. परत येऊन बसले आणि त्याच्या तोंडी दोनच शब्द घातले: ‘घरी सांगा.’

त्यानंतर चौघांनी खेचराला खोगीर घातलं, बाळूला त्यावर बसवलं आणि फेरीवाल्याचं घर शोधायला निघाले. तो कुठल्या रूपात निघाला हे मी विचारलं, तर ड्रुइड म्हणाली, त्याच्या स्वतःच्या.